खडूच्या दोन रेघा

डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालतील अशी चाके आणि गिअर मला सायकलला निवडायचे होते, म्हणून मार्चमधल्या एका रविवारी सकाळी आमच्या ठाण्यातल्या मानपाड्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सायकल अशी उभी केली, की मागच्या चाकाचा व्हॉल्व बरोबर तळाशी आला. त्याच्या खाली फरशीवर खडूची एक रेघ मारली आणि सायकल नाकासमोर ढकलत, व्हॉल्व पुन्हा तळाशी येईपर्यंत नेऊन तिथे दुसरी रेघ मारली. दोन रेघांमधले अंतर टेपने मोजले, ते २ मीटर १३ सेंटिमीटर भरले. मग ते चाक उतरवून, ऐरोलीच्या मित्राकडून मागून आणलेले चाक चढवले आणि पहिल्या रेघेपासून तोच प्रकार पुन्हा केला. पहिले चाक ७०० सी मापाचे होते आणि त्यावर २८ मिलिमीटरचा गुळगुळीत टायर होता. दुसरे ६५० बी मापाचे, म्हणजे रिम चारही बाजूंनी बोटबोटभर लहान, आणि तिच्यावर ४७ मिलिमीटरचा गलेलठ्ठ टायर. एवढी विजोड जोडी असूनही नवी रेघ जुन्या रेघेच्या जेमतेम सेंटिमीटरभर पुढे पडली. आमचे वॉचमन खुर्चीतून उठून आले, फरशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “साहेब, पार्किंगची नवी आखणी चालली आहे काय?” सोसायटीत त्या विषयावरून आधीच दोन वर्षे धुसफूस सुरू असल्यामुळे मी घाईघाईने नाही म्हटले.

हिशोब सोपा आहे, पण तो डोळ्यांनी दिसल्याशिवाय माझ्या मनात उतरला नव्हता. ७०० सी रिमवर टायर ज्या ठिकाणी बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर असतो. त्यात टायरची जाडी दोन्हीकडून, म्हणजे ५६, मिळवली की ६७८ होतात. ६५० बी रिमचा तोच व्यास ५८४ असतो. त्यात ४७ची दुप्पट, म्हणजे ९४, मिळवली की पुन्हा ६७८च. नावातले ७०० आणि ६५० हे आकडे मुळात टायरच्या बाहेरच्या व्यासाचे ढोबळ माप आणि पुढचे अक्षर टायरच्या जाडीचा वर्ग, अशी ही फ्रेंचांची जुनी पद्धत होती. टायरच्या जाड्या पुढे हव्या तशा बदलत गेल्या, नावे मात्र राहिली, त्यामुळे आज ६५० बी चाकात ६५० मिलिमीटर असे काहीही शोधून सापडत नाही. माउंटन बाइकवाले त्याच रिमला साडेसत्तावीस इंची म्हणतात आणि ६२२च्या रिमला एकोणतीस इंची, त्यामुळे दुकानात गोंधळ उडतो तो वेगळाच. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ४०-६२२ किंवा ४७-५८४ असे छापलेले असते, तेवढ्यावरच भरवसा ठेवावा.

आमच्या घरातली पहिली सायकल यांपैकी कशातच बसत नाही. वडील चरईतल्या खोलीवरून वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ज्या काळ्या, रॉडब्रेकच्या सायकलवरून जात तिचे टायर २८ गुणिले दीड इंच मापाचे होते आणि त्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, म्हणजे आजच्या ७०० सीपेक्षाही मोठा. ती सायकल अजून गावच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. गेल्या गणपतीत मी तिच्या चक्रांचे दात मोजले, ते पुढे ४४ आणि मागे १८ निघाले. पायडलच्या एका पूर्ण फेरीला ती सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी २० किलोमीटर. सपाटीवर कामाला जाणाऱ्या माणसासाठी तो आकडा कोणी तरी फार समजून ठरवलेला असावा. त्यात बदल करण्याची सोय नव्हती, आणि चढ आला की वडील उतरून सायकल हातात धरून चालू लागत. त्यात त्यांना काही कमीपणा वाटल्याचे मला आठवत नाही. कमीपणा वाटून घेण्याची हौस पुढच्या पिढीला लागली, त्याबद्दल पुढे येईलच.

पायडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर जाते, हे माप फ्रान्समध्ये रूढ आहे; इंग्रजांनी उंच चाकाच्या सायकलीच्या काळापासून त्यासाठी इंच धरले. मला मीटर बरे वाटतात, कारण ते फरशीवर खडूने आखता येतात. चाकाचा घेर गुणिले पुढचे दात भागिले मागचे दात, एवढेच ते गणित आहे. पण या गणितात चाक आणि गिअर एकाच ओळीत, गुणाकाराने बांधलेले आहेत, आणि माझी चूक नेमकी इथे झाली होती. तीन महिने मी चाकांचा विचार चाकांच्या दुकानात आणि गिअरचा विचार गिअरच्या दुकानात करत होतो, जणू एक खरेदी दसऱ्याची आणि दुसरी दिवाळीची.

आता ज्या रस्त्यासाठी हा खटाटोप चालला होता तो सांगायला हवा. माझी रविवारची नेहमीची फेरी मानपाड्याहून घोडबंदर रस्त्याने कासारवडवलीवरून गायमुखला, तिथला छोटा घाट उतरून महामार्गाला, वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडून शिरसाड फाट्याला, तिथून उजवीकडे वळून पारोळवरून वज्रेश्वरीला आणि तानसा नदीकाठच्या गणेशपुरीपर्यंत, अशी जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास असते. घोडबंदर रस्ता नावाला एक आहे. प्रत्यक्षात तो डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे आणि बुजवलेल्या चरांच्या उंचवट्यांची गोधडी आहे. पेव्हर ब्लॉकच्या फटी प्रवासाच्या दिशेने पडल्या असतील तर बारीक टायर त्यांत रुळात जावा तसा जातो. पारोळ सोडल्यावर मात्र दोन्ही अंगांना शेतांकडे, वीटभट्ट्यांकडे आणि पाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते फुटतात, आणि खरे सांगायचे तर मी त्यांच्यासाठीच एवढ्या लांब जातो. एकदा मी सगळ्या फेरीचा प्रामाणिक जमाखर्च मांडला, तेव्हा शंभरातले सत्तरेक किलोमीटर बरे डांबर किंवा काँक्रीट, दहा किलोमीटर गोधडी आणि वीस किलोमीटर कच्चा रस्ता असे निघाले. त्याआधी कोणी विचारले असते तर मी बेधडक “निम्मा रस्ता कच्चा” असे सांगितले असते, कारण लक्षात तोच राहतो.

इंग्रजी लेखांत ज्याला सरसकट ग्रॅव्हल म्हणतात त्याला मराठीत एक नाव नाही, आणि ते बरेच आहे. मुरूम वेगळा, खडी वेगळी, डबर वेगळे, फुफाटा वेगळा. चांगला दाबलेला मुरूम मार्चमध्ये डांबराइतका वेगवान असतो आणि त्यावर २८चा टायरही हसतखेळत जातो. फुफाट्यात पुढचे चाक बुडते आणि हँडल आपल्याच मर्जीने वळू पाहते. खरी वैरीण खडी. आपल्याकडची खडी म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बसाल्ट, क्रशरमध्ये फोडलेला. नदीतल्या गोट्यासारखा तो कुठेही गोल नसतो, प्रत्येक तुकड्याला धार असते. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये २००६पासून जी शर्यत होते, आणि जिच्यामुळे हा सायकलप्रकार पुष्कळसा नावारूपाला आला, तिथल्या गारेच्या रस्त्यांबद्दल लिहिणारे लोक टायरच्या कुशी फाटल्याच्या तक्रारी करतात. त्या तक्रारी आपल्याला लागू पडतात. युरोपातल्या पांढऱ्या, मऊ मातीच्या रस्त्यांवर बसून दिलेला सल्ला मात्र वसई तालुक्यात जपून घ्यावा.

हे मला शहाणपणाने कळले नाही. फ्रेमबरोबर ३२ मिलिमीटरचे टायर आले होते, ते काढून मी हौसेने २८चे चढवले होते, कारण घोडबंदर रस्त्यावर पहाटे जो जथा भेटतो त्यात मला मागे पडायचे नव्हते. डिसेंबरातल्या एका सकाळी पारोळच्या पुढे, रस्त्याच्या कामासाठी पसरलेल्या पाऊण इंची खडीवरून जाताना मागच्या टायरची कूस दीड सेंटिमीटर चिरली आणि त्या चिरेतून ट्यूब पुरीसारखी फुगून बाहेर आली, नंतर फुटली. दोन किलोमीटर चालून फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे पोचलो. तो विशीतला मुलगा होता. त्याने मोटरसायकलच्या जुन्या टायरचा तुकडा कापून आतून गेटर लावला, ट्यूब घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “काका, हा टायर हायवेचा आहे.” नंतर त्याच्या कॉम्प्रेसरचे तोंड माझ्या बारीक व्हॉल्ववर बसेना. तेव्हापासून सुपारीएवढी पितळी टोपी, जी बारीक व्हॉल्वला मोटरसायकलच्या मापाचे तोंड देते, माझ्या पिशवीतून कधीही बाहेर निघालेली नाही.

जाड टायर म्हणजे संथ टायर, ही समजूत माझ्या डोक्यात पक्की बसलेली होती आणि ती काढायला वेळ लागला. टायर रस्त्यावर टेकतो तिथे तो चेपतो आणि त्या चेपण्या-सुटण्यात शक्ती जाते. तेवढ्याच हवेत रुंद टायरचा टेकलेला भाग आडवा पसरतो, लांबीला कमी राहतो, म्हणून तो कमी चेपतो. त्याहून मोठा फरक खडबडीत रस्त्यावर पडतो. टणक भरलेला टायर प्रत्येक खड्यावरून सायकलसकट माणसाला उचलतो, आणि ते उचलणे शेवटी पायांच्याच खर्चाने होते. मऊ टायर खड्याला आत घेतो आणि पुढे जातो. माझ्या ७८ किलो वजनाला २८च्या टायरमध्ये ७५ पीएसआय हवा लागत असे. ४०च्या टायरमध्ये ३८ पुरते. गायमुखच्या खालच्या खराब पट्ट्यावर दोन्हींतला फरक मनगटांना विचारावा.

मित्राची ६५० बी चाके मी दोन रविवार वापरली. मुरमावर ती निव्वळ सुख होती. वीटभट्टीच्या रस्त्यावर, जिथे ट्रकच्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या असतात, मी पहिल्यांदाच आजूबाजूची शेते बघत गेलो. आणि सायकलचा स्वभाव बदलला नव्हता, कारण बाहेरचा व्यास तोच असल्याने क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, जमिनीपासूनची उंचीही तीच होती. पण परतीच्या वाटेवर महामार्गाच्या काँक्रीटवर त्या गाठीदार टायरची भुणभुण सुरू झाली, ती घरापर्यंत थांबली नाही, आणि शंभरातले सत्तर किलोमीटर माझे असेच असतात. शिवाय दुसरी अडचण अशी, की ६५० बी रिमला जाड टायर लागतोच. तिच्यावर ३२चा टायर चढवून हमरस्त्यासाठी हलके व्हावे म्हटले तर व्यास ६४८वर येतो, सायकल दीड सेंटिमीटर खाली बसते आणि वळणावर पायडल जमिनीला घासते. ७०० सी रिमवर मात्र माझ्या फ्रेमला ३२पासून ४०पर्यंत काहीही चालते. मित्राचे गणित वेगळे आहे आणि त्याच्यापुरते बरोबर आहे: तो पाच फूट चार इंचांचा, त्याची फ्रेम लहान, आणि ७०० सीवर ४०चा टायर घातला की संथ वळणावर त्याच्या बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते. ठाण्यातल्या खाडीरस्त्यावर तो त्यामुळे एकदा पडलाही आहे.

तेव्हा ७०० सी, ४०चा टायर, मध्यभागी जवळजवळ गुळगुळीत आणि खांद्यांवर बारीक दाणे असलेला, असे ठरले. रिमच्या बाबतीत माझे काही हट्ट होते आणि ते सगळे ठाण्यातून आलेले होते. आतली रुंदी २३ मिलिमीटर, म्हणजे ४०चा टायर त्यावर फुग्यासारखा उभा न राहता पसरून बसतो. कडेला आत वळलेले हुक असलेलीच रिम हवी होती. हुक नसलेल्या नव्या रिम हलक्या आणि स्वस्तात बनतात, पण त्यांना ५ बारपेक्षा, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयपेक्षा, जास्त हवा चालत नाही. आपल्याकडे हवा भरणारा माणूस टायर अंगठ्याने दाबून “अजून दहा मारतो” म्हणणार, ही गोष्ट त्या रिमच्या मापदंडात धरलेली नाही. स्पोक ३२ घेतले. २४ स्पोकची चाके दिसायला देखणी असतात, पण त्यांतला एक तुटला की चाक इतके डुगडुगते, की फ्रेमला घासू लागते. ३२मधला एक तुटला तर घरी येता येते. स्पोकची निपले, म्हणजे रिमजवळ स्पोक ताणून धरणारे बारीक नट, अ‍ॅल्युमिनियमची न घेता पितळेची घेतली, कारण खाडीच्या खाऱ्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात अ‍ॅल्युमिनियमची निपले स्पोकला गंजून चिकटतात आणि पुढे चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढायला गेले की पान्याखाली पिठासारखी चुरतात. चाके चरईतल्या एका जुन्या दुकानातल्या काकांनी बांधली. प्रत्येक स्पोकजोडीला नखाने टिचकी मारून, आवाज ऐकून ते ताण जुळवतात. चाक बांधून झाल्यावर त्यांनी डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन-दोन जादा स्पोक मला दिले, कारण डिस्क ब्रेकमुळे त्यांची लांबी वेगळी असते, आणि ते फ्रेमच्या मागच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवा म्हणून सांगितले.

ट्यूबलेसबद्दल थोडक्यात सांगतो. बाभळीच्या काट्यांना ते उत्तम आहे. टायरमधला चीक भोक बुजवतो आणि आपल्याला घरी आल्यावर टायरवरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून कळते. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तो चीक लवकर वाळतो आणि खडीने फाडलेली कूस त्याला सांधता येत नाही. तेव्हा चीकही घालतो आणि ट्यूब व गेटरचा तुकडाही बाळगतो.

आता गिअर. सायकल घेतली तेव्हा पुढे ५० आणि ३४ दातांच्या चेनरिंग, म्हणजे पायडलजवळची चक्रे, होत्या आणि मागे ११ ते ३२ दातांच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट. सर्वांत हलका गिअर ३४ला ३२, म्हणजे २८च्या टायरवर पायडलच्या एका फेरीला २.२६ मीटर. ४०चा टायर चढवला की चाकाचा घेर २ मीटर २० सेंटिमीटरवर जातो आणि तोच गिअर २.३४ मीटरचा होतो. म्हणजे कच्च्या रस्त्यासाठी म्हणून जाड टायर घेतला की आधीच अवघड असलेला चढ साडेतीन टक्क्यांनी आणखी अवघड होतो, आणि ही गोष्ट मला टायर विकणाऱ्याने सांगितली नाही, क्रँक विकणाऱ्यानेही नाही. ती फरशीवरच्या खडूने सांगितली.

डांबरावर यातून वाट काढता येते. उपवनहून येऊरला चढताना पाय भरले की खोगिरावरून उठावे, दहा-वीस फेऱ्या उभ्याने माराव्यात, पुन्हा बसावे. झाडांची सावली असते, लाज वाटायला बघणारे फारसे नसतात. मुरमाच्या चढावर हे चालत नाही. उभे राहिले की वजन मागच्या चाकावरून पुढे सरकते, चाक जागच्या जागी फिरते, खडे मागे उडतात आणि सायकल थांबते. एकदा थांबली की त्या चढावर पुन्हा सायकलवर बसणे जवळजवळ अशक्य. तिथे बसूनच, सारख्या जोराने पायडल मारत राहावे लागते, आणि त्यासाठी डांबराला लागतो त्याहून हलका गिअर हवा. माझे, सायकलचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे मिळून वजन ९२ किलो होते. आठ टक्क्यांच्या चढावर मिनिटाला ६० फेऱ्या राखायच्या तर २.२६ मीटरच्या गिअरमध्ये वेग ताशी आठ किलोमीटरच्या किंचित वर राहतो आणि निव्वळ उंची गाठायला सुमारे १६३ वॅट लागतात, घर्षण वेगळेच. तोच गिअर १.९५ मीटरचा असेल तर वेग ताशी सात आणि वॅट १४०. सत्तेचाळिसाव्या वर्षी १४० वॅट मी अर्धा तास देऊ शकतो. १६३ दिले तर उरलेला दिवस उधारीवर काढावा लागतो, आणि व्याज सोमवारी जिना उतरताना गुडघे वसूल करतात.

तरीही हलका गिअर घ्यायला मन कचरत होते, हे कबूल केले पाहिजे. सायकलवाल्यांमध्ये मोठे चेनरिंग म्हणजे पुरुषार्थ आणि लहान म्हणजे आजारपण, अशी एक न बोललेली समजूत असते, आणि ती आजची नाही. फ्रान्समधल्या सेंत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, जे व्हेलोसिओ या नावाने लिहीत, ते १९३०मध्ये वारले तोपर्यंत जन्मभर एका सायकलला अनेक गिअर असावेत असे सांगत राहिले. तिकडे १९०३मध्ये सुरू झालेल्या टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन अंगांना वेगवेगळ्या दातांची चक्रे लावत आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे करून पुन्हा बसवत. जगातले सगळ्यांत दमदार पाय तीस-पस्तीस वर्षे हे करत होते आणि त्यालाच शौर्य म्हणत होते. वडिलांनी हे ऐकले असते तर त्यांनी नक्कीच विचारले असते, की उतरायचेच होते तर चालत का गेले नाहीत.

एकच चेनरिंग घ्यावे की दोन, यावर मी जितके वाचले तितके मुलीच्या दहावीच्या वेळीही वाचले नव्हते. पुढे ४०चे एकच आणि मागे ११ ते ४२, ही जोडणी चिखलात बरी. डावा हात मोकळा, पुढचा डिरेलर नाही, चेन पडण्याची धास्ती कमी. सर्वांत हलका गिअर २.१० मीटर, तोही चालला असता. पण त्या कॅसेटमध्ये २१वरून २४, मग २८, ३२, ३७ अशा उड्या आहेत, आणि चढाच्या सुरुवातीला प्रत्येक उडीत पायांची लय चौदा ते सतरा टक्क्यांनी तुटते. कच्च्या रस्त्यावर ते जाणवत नाही, कारण तिथे लय अशी नसतेच. महामार्गावर समोरून वारा घेत पाऊण तास जाताना मात्र जाणवते, आणि पुन्हा तोच जमाखर्च: सत्तर किलोमीटर. म्हणून दोन चेनरिंग ठेवले, पण लहान केले. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने २०१९मध्ये जीआरएक्स मालिका आणली तेव्हा तीत ४६ आणि ३०ची जोडी आली. तिच्याबरोबर मागे ११ ते ३४ची कॅसेट घेतली की सर्वांत हलका गिअर ४०च्या टायरवर १.९५ मीटर होतो. वरचा टोकाचा गिअर ५०ला ११वरून ४६ला ११वर आला, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ५० किलोमीटर. त्याच्या वरचा वेग मला फक्त घाट उतरताना मिळतो, आणि तिथे मी ब्रेकवर बोटे ठेवून असतो.

मागचा डिरेलर बदलावा लागला नाही. ५० आणि ३४मधला फरक १६ दातांचा आणि ४६ आणि ३०मधलाही १६चाच, त्यामुळे चेनचा जो ढिलेपणा त्याला ओढून धरावा लागतो तो ११ ते ३४ धरून ३९ दातांचा, आणि लांब पिंजऱ्याच्या माझ्या डिरेलरची तेवढी ऐपत होती. पुढच्या डिरेलरने मात्र दावा मांडला. एका दाताला त्रिज्येत सुमारे दोन मिलिमीटर पडतात, म्हणून ४६साठी तो आठ मिलिमीटर खाली घ्यावा लागला. आणि या क्रँकवर चेनरिंग नेहमीच्या रोड क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर बसतात, त्यामुळे जुन्या डिरेलरचा पिंजरा बाहेरच्या बाजूला चेनला घासत राहिला. शेवटी त्याच मालिकेतला पुढचा डिरेलरही घ्यावा लागला. ज्या दुकानातून क्रँक मागवला त्यांनी हे आधी सांगायला हवे होते, असे माझे अजून मत आहे.

कॅसेट मी घरीच चढवली. रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून, तिला जागेवर धरणारी लॉकरिंग ताकद लावून आवळली, तरी कॅसेट हाताने हलवली की खुळखुळत होती. अजून आवळली, तरी तेच. दुसऱ्या दिवशी चाक घेऊन चरईला गेलो. काकांनी ते मांडीवर आडवे घेतले, सर्वांत मोठे चक्र अंगठा आणि तर्जनीत धरून दोनदा हलवले आणि विचारले, “कडी कुठाय?”

“कसली कडी, काका?”

“मागची. हिच्या मागं एक कडी लागते. ही डोंगरातल्या सायकलच्या मापाची आहे, तुमचा हब रोडचा.” त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. त्यात हबबरोबर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याबरोबर, येणाऱ्या आणि गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या कितीतरी वस्तू होत्या. बोटाने चाळून त्यांनी एक काळी, पापडासारखी पातळ कडी काढली. ती १.८५ मिलिमीटरची होती, हे मी नंतर कॅलिपरने मोजून पाहिले. त्यांनी ती हबवर सरकवली, कॅसेट चढवली, लॉकरिंग आवळली, पुन्हा दोनदा हलवून पाहिले. आवाज आला नाही. पैसे विचारले तर म्हणाले, “कडीचे काय पैसे घ्यायचे, साहेब. चहा सांगा.”

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पारोळच्या पुढच्या पाड्याकडे जाणारा तो मुरमाचा चढ, जिथे मी आजवर प्रत्येक वेळी उतरलो होतो, बसून चढलो. वेग ताशी साडेसहा होता, हे कंप्युटरवर दिसत होते. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या दोन बायका माझ्या बरोबरीने चालत होत्या. वर पोचेपर्यंत त्या मागेही पडल्या नाहीत आणि पुढेही गेल्या नाहीत, आणि त्यांतल्या एकीने मला दोनदा विचारले, की गाडीत काही बिघाड आहे का.

आता मे संपत आला आहे आणि मडगार्ड बसवायचे आहेत. माझ्या फ्रेममध्ये ४०चा टायर आणि मडगार्ड दोन्ही मावत नाहीत. चिखल अडकून चाक जाम होईल. ३५चा टायर मावतो. काल संध्याकाळी तो चढवला आणि पार्किंगमध्ये पुन्हा खडू घेऊन बसलो. जुन्या रेघा वॉचमनने पुसू दिल्या नव्हत्या. ३५ची रेघ ४०च्या रेघेच्या तीन सेंटिमीटर अलीकडे पडली, म्हणजे सर्वांत हलका गिअरही जवळजवळ तेवढाच हलका झाला, १.९२ मीटर.

“ही रेघ अलीकडे का आली, साहेब?” वॉचमनने विचारले.

“पावसाळा आला म्हणून.”

त्यांनी बाहेर आभाळाकडे पाहिले, आणि आपली खुर्ची उचलून दोन फरश्या आत घेतली.